दारावरची दोन नावं

आमच्या घरात आर्किटेक्ट म्हणवतो तो माझा नवरा शिरीष, आणि घरं काढते मी. तो सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट आहे. आयुष्यात त्यानं एक भिंत उभी केलेली नाही. मी मेलबर्नमधल्या एका बिल्डरकडे ड्रॉइंग्ज करते. पुण्याची आर्किटेक्चरची डिग्री इथे कुणी धरली नाही, म्हणून मी ‘ड्राफ्टर’. तेव्हा मेलबर्नबाहेर वॉरागुल गावाजवळ जागा घेऊन घर बांधायचं ठरलं, तर घराबाबत कुणाचं ऐकायचं हे सांगायची गरज पडायला नको होती. पडली.

शिरीषला ‘फ्रेंच प्रोव्हिन्शियल’ हवं होतं. का, तर प्रतापनं बांधलंय. प्रताप हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. त्यानं काही केलं की वर्षाच्या आत ते आमच्याकडे येतं, मग ती गाडी असो नाहीतर गुडघ्याचं दुखणं. त्याच्या घराला पांढरंशुभ्र प्लास्टर आहे, वर काळं छप्पर, दारावर प्लास्टरच्या फुलांची माळ आणि गेटवर दोन सिंह. सिंहांची तोंडं प्रतापसारखीच समाधानी आहेत.

“हे फ्रेंच नाहीये,” मी म्हटलं.

“नाव तर फ्रेंच आहे.”

“नाव मीच टाकते ड्रॉइंगवर. रोज टाकते. आत तोच खोका असतो, चार बेडरूम आणि डबल गॅरेज. पुढचा भाग गिऱ्हाईक मोबाइलच्या कव्हरसारखा निवडतं.”

“तुला कुठलीही गोष्ट सगळ्यांना आवडली की तिच्यात खोट दिसते.”

मग मी त्याला फ्रान्सच्या खेड्यातली खरी घरं दाखवली. शांतपणे दाखवली नाहीत, हे कबूल. नॉर्मंडीत लाकडाचा सांगाडा उभा करून मधे माती आणि पेंढ्याचा गिलावा भरतात. ब्रिटनीत एकाच खोलीच्या रुंदीचं आणि लांबच लांब दगडी घर. माणसं वाढली की टोकाला आणखी एक खोली जोडायची, आणि पूर्वी त्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला गुरं. प्रोव्हान्समध्ये उत्तरेकडून असा वारा सुटतो की त्या बाजूच्या भिंतीला खिडकीच ठेवत नाहीत. यातलं प्रत्येक घर कशाशी ना कशाशी भांडत उभं असतं, म्हणून मला ती आवडतात. प्रतापचं घर फक्त शेजाऱ्यांशी भांडतं.

आणि मग मला बास्क प्रांतातलं घर सापडलं. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्पेनला लागून हा भाग आहे. पांढऱ्या भिंती, लाल रंगवलेलं लाकूड, पसरट छप्पर. समुद्राचा पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून पश्चिमेला जवळजवळ बंद भिंत आणि दर्शनी बाजू पूर्वेला. घराला स्वतःचं नाव असतं आणि माणसं घराच्या नावानं ओळखली जातात. आणि दारावर जो आडवा दगड असतो, आपण ज्याला लिंटल म्हणतो, त्यावर घर बांधणाऱ्यांची नावं कोरायची तिथे जुनी पद्धत आहे. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, आणि साल. तीनशे वर्षांपूर्वीचे असे दगड मी फोटोत पाहिले. शेतकऱ्याच्या बायकोचं नाव, नवऱ्याच्या नावाएवढ्याच अक्षरांत.

त्या रात्री मी ठरवलं, घर असंच होईल, आणि त्या दगडावर माझं नाव असेल. अस्मिता नव्हे. माझं.

माझं नाव श्यामला. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून शिरीषच्या हातात अंगठी दिली आणि नवं नाव लिहायला लावलं. श्यामला म्हणजे सावळी, सुनेला असलं नाव नको, असं त्यांचं म्हणणं. मला कुणी विचारलं नाही. नाव काढून घेतलं आणि त्याच्या जागी ठेवलं काय, तर अस्मिता. हा विनोद त्या मांडवात एकालाही कळला नाही. पासपोर्ट त्याच नावानं निघाला, व्हिसा त्याच नावावर आला, आणि ऑस्ट्रेलियात मी उतरले तीच अस्मिता म्हणून. मला श्यामला म्हणणारे आईबाबा गेले. भाऊ ताई म्हणतो. आता त्या नावानं हाक मारणारं एकही माणूस जगात उरलेलं नाही, आणि मला ते हवं होतं. दगडात हवं होतं, कारण तांदळातलं कुणीही हातानं सारखं करून टाकतं.

हे मी शिरीषला सांगितलं नाही. त्याला सांगितलं वास्तुशास्त्र.

“पूर्वेला दार,” मी म्हटलं. “पश्चिम बंद. दक्षिणेला तोंड नाही.”

त्याचा चेहरा लगेच बदलला. फ्रेंच पण आणि वास्तूत बसणारं पण, म्हणजे प्रतापवर मात. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना लाल रंग कुंकवाचा वाटला आणि त्या खूश झाल्या. तो रंग पूर्वी बैलाच्या रक्तानं द्यायचे असं तिकडे सांगतात. ही माहिती मी पुढच्या भांडणासाठी राखून ठेवली.

घर उभं राहिलं. मधल्या काळातल्या भांडणांची यादी मी देत नाही. कुठल्याही नळावरून, कुठल्याही टाइलवरून झाली. पण भिंती माझ्या ड्रॉइंगबरहुकूम चढल्या आणि लिंटलची वेळ आली. दगड डँडेनॉन्गच्या वर्कशॉपमध्ये डग नावाच्या कारागिराकडे कापायला दिला होता.

“तिथे काय लिहायचं?” शिरीषनं जेवताना विचारलं.

“शिरीष आणि श्यामला. खाली साल.”

सासूबाईंचा घास थांबला. “श्यामला कोण?”

“मी, आई.”

“दारावर गणपती असतो,” त्या म्हणाल्या. “नवरा-बायकोची नावं कसली लिहिताय? आणि लिहायचंच असेल तर घरच्या सुनेचं नाव लिहा.”

शिरीषनं चमचा खाली ठेवला. “हे बघ, जागेच्या टायटलवर अस्मिता आहे. बँकेत अस्मिता आहे. इथे येणारा प्रत्येक माणूस तुला अस्मिता म्हणतो. उद्या लोक विचारतील, ही श्यामला कोण? मी काय सांगू, दुसरी ठेवलीय?”

“सांग की माझं नाव आहे.”

“होतं.”

हे ‘होतं’ त्यानं इतक्या सहज म्हटलं, जसं एखादा जुना पत्ता होता म्हणावं. मला वाटलं होतं तो चिडेल, आरडाओरडा करेल. चिडायलासुद्धा त्याला ते नाव पुरेसं खरं वाटत नव्हतं. मी ताट उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही नावांचं ड्रॉइंग हातानं केलं. डगला देवनागरी वाचता येत नाही. तो दिलेली रेघ जशीच्या तशी कापतो. म्हणून प्रत्येक वेलांटी, प्रत्येक जोडाक्षर मी नीट वळवून काढलं. श आणि य दोनदा खोडून पुन्हा जोडले. इतक्या वर्षांत मी ते लिहिलं नव्हतं. शिरीषला दाखवलं आणि म्हटलं, हेच जाईल.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “व्हॉटेव्हर.”

इतक्या पटकन तो कधीच ऐकत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात डगचा फोन आला. दगड तयार आहे, बसवायच्या आधी मापं बघून जा, म्हणाला. ऑर्डरवर माझा नंबर होता. मी कामावरून निघून डँडेनॉन्गला गेले.

दगड लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता. सुरेख पिवळसर सँडस्टोन. अक्षरं खोल आणि स्वच्छ कापलेली. आणि ती माझी नव्हती.

“युअर हबी सेंट अ न्यू फाइल,” डग म्हणाला. “सेड यू टू हॅड सॉर्टेड इट आउट. माय मशीन टूक इट स्ट्रेट ऑफ द कम्प्यूटर. लुक्स ऑलराइट?”

मी वाकून वाचलं. शिरीषनं टाइप करून पाठवलं होतं, ‘शिरीष’ आणि ‘अस्मिता’. पण डगच्या मशीनला देवनागरी कशाशी खातात हे माहीत नव्हतं. परदेशातल्या पाट्यांवर, देवळाच्या बॅनरवर, लोकांच्या दंडावर गोंदलेल्या नावांत आपण हे नेहमी बघतो आणि हसतो. अक्षरं सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. ‘शि’ची वेलांटी ‘र’वर गेली होती. बिचाऱ्या ‘र’ला आधीची एक होतीच, आता दोन झाल्या. शरिईष. आणि शेजारी, ‘स’ला पाय मोडलेला, ‘म’ उघडा, ‘त’वर उपरी वेलांटी आणि पुढे लोंबणारा काना. असमतिआ.

सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट. त्यानं फाइल पाठवताना एकदा उघडूनही पाहिलं नव्हतं.

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. दुसरं नाव मी पुन्हा वाचलं. असमति. एक अनुस्वार तेवढा कमी होता, नाहीतर दगडानं सरळ ‘असंमती’ असंच लिहून टाकलं असतं. लग्नाच्या मांडवात जे मला म्हणता आलं नाही, ते डँडेनॉन्गच्या एका मशीननं जवळजवळ म्हटलं होतं.

“समथिंग राँग, लव्ह?” डगनं विचारलं. “नो वरीज इफ देअर इज. आय कॅन फ्लिप इट अँड कट द बॅक.”

मागची बाजू कोरी होती. माझं ड्रॉइंग त्याच्याकडे अजून पडलेलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर त्या संध्याकाळपर्यंत तिथे श्यामला लिहिलेलं असतं, नीट, माझ्या वळणात. मी बराच वेळ दगडावर हात ठेवून उभी राहिले. पण ते नाव मग मी चोरून कोरून घेतलेलं झालं असतं, जसं त्यानं हे चोरून कोरलं. दार माझं, भिंती माझ्या, आणि नाव चोरीचं? मला ते नको होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याची फजिती हवी होती. सगळ्यांसमोर, प्रतापसमोर, पुरेपूर.

“ऑल गुड,” मी म्हटलं. “इट्स परफेक्ट.”

डगनं दगड बसवला आणि शिरीषच्या सांगण्यावरून वर कापड बांधलं. नवऱ्यानं मला सांगितलं की सगळ्यांसमोर अनावरण करू, मजा येईल. त्याचा हिशोब मला स्वच्छ दिसत होता. चारचौघांत कापड पडेल, लोक टाळ्या वाजवतील, आणि पाहुण्यांसमोर अस्मिता काही बोलणार नाही. आतापर्यंत कधी बोलली नव्हती. तो वर चढून स्वतः बघेल अशी भीती मला एक-दोनदा वाटली. पण आपण केलेलं काम तपासायची त्याला सवय नाही.

वास्तुशांतीला अंगणभर माणसं होती. आत गुरुजींची होमाची तयारी चालली होती. प्रताप आला, त्याची बायको नुपूर आली. प्रतापनं घराभोवती एक चक्कर मारून लाल लाकडाला बोट लावून पाहिलं आणि “डिफरंट आहे,” एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून हे शिवीसारखं येतं. आमची मुलगी उर्वी क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतून आली होती आणि आजीच्या खुर्चीमागे उभी होती.

गुरुजींनी आता यजमानांनी दारातून आत यावं असं सांगितलं. शिरीष आणि मी बाहेर, उंबरठ्याशी. त्यानं दोरी हातात घेतली, लोकांकडे तोंड केलं, आणि “प्रेझेंटिंग,” असं काहीतरी म्हणून ओढली. कापड खाली पडलं. तो वर बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, मी काय करते ते पाहायला.

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. मराठी माणसं सभ्य असतात. वाचतात आणि गप्प बसतात. पण त्यांचे ओठ हलत होते. मागे कुणीतरी “अस... मती...” असं पुटपुटलं आणि थांबलं. प्रतापनं चष्मा वर सरकवला. नुपूरला बहुधा वाटलं की काहीतरी करून वेळ सावरायला हवी. ती पुढे येऊन दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, “अंहं, असं आत नाही सोडणार. आधी नाव घ्या. अस्मिता, तू पहिली.”

बायका हसल्या, सुटल्यासारख्या. “उखाणा, उखाणा,” झालं. शिरीषही हसला. त्याला वाटलं, जमलं.

मी पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

“पूर्वेला दार, पश्चिमेला भिंत,
शरिईषरावांचं नाव घेते, उरली नाही खंत.”

कुणी हसलं नाही.

“काय म्हणालीस?” शिरीष म्हणाला.

“जे लिहिलंय ते वाचलं.”

तेव्हा त्यानं वर पाहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं असावं, कारण त्याचे ओठ दोनदा हलले. मानेवर लाली चढत कानापर्यंत गेली. प्रताप खोकला, आणि तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं.

“तू हे बघितलं होतंस?” शिरीष हळू आवाजात म्हणाला.

“हो. बसवायच्या आधी.”

“आणि तू बसवू दिलंस? माझं नाव आहे ते. जन्मभर इथे लोक येऊन माझं चुकीचं नाव वाचणार.”

“वाचू देत. सवय होते.”

“शिरीष, नंतर,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “दारात नको.”

पण तो आता ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. तो लोकांकडे वळला, हात पसरून, आणि ओरडला. “मी नाही केलेलं हे. मी नीट पाठवलं होतं. हे सगळं मुद्दाम केलंय, ह्या बाईनं केलंय, ह्या श्यामलानं.”

नुपूर दारात तशीच आडवी उभी होती. “कोण श्यामला?” तिनं विचारलं.

“ही!” शिरीषनं माझ्याकडे बोट दाखवलं. “ही श्यामला. हिचंच नाव आहे ते.”

“वेट,” उर्वी म्हणाली. “मॉम, युअर नेम इज श्यामला?”

शिरीषचा हात तसाच हवेत राहिला होता. आपण काय बोललो ते त्याला हळूहळू उमगत होतं, आणि मला त्याची मुळीच दया आली नाही. नाव त्यानं रागानं घेतलं होतं, थुंकल्यासारखं घेतलं होतं. पण त्याच्या आईसमोर, मुलीसमोर, प्रतापसमोर, त्यानं ते आपल्या तोंडानं घेतलं होतं. त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं. मी रडले नाही.

“हो,” मी उर्वीला म्हटलं. “श्यामला.”

मग मी नुपूरला बाजूला हो म्हटलं. नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलं होतं, बायकोनं नवऱ्याचं. प्रथेप्रमाणे सगळं झालं होतं. मी एकटीच आत गेले.